मांडवा ते हरिहरेश्वर: मे महिन्यातला एक दिवस, समुद्राच्या कडेकडेने

मुंबईहून मोटारीने मालवण-वेंगुर्ला-गोव्याच्या लांब सहलीला निघालेली बहुतेक मंडळी पहिला दिवस महामार्गाला देऊन टाकतात. पळस्पे, पेण, वडखळ, कोलाड, माणगाव, महाड आणि दिवेलागणीला चिपळूण. या रस्त्याच्या रुंदीकरणाला दहा वर्षांहून जास्त काळ लोटला आहे आणि मे महिन्यातल्या शनिवारी माणगावात किती वेळ जाईल हे सांगायला ज्योतिषी लागेल. ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत त्यांनी तो रस्ता जरूर धरावा. पण हाताशी आठ-दहा दिवस असतील तर पहिला दिवस किनाऱ्याला द्या: भाऊच्या धक्क्यावरून मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, मुरूड, आगरदांड्याला खाडी ओलांडून दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन आणि मुक्काम हरिहरेश्वर. चाकाखाली जेमतेम दीडशे किलोमीटर येतात. तरी दिवस पूर्ण लागतो आणि तो लागू द्यावा.

दिवस उलटा मोजा

या प्रवासाचं वेळापत्रक सकाळपासून पुढे मांडलं की हमखास फसतं. ते संध्याकाळपासून मागे मांडायचं. कारण या साऱ्या वाटेत एकच टप्पा असा आहे की ज्यासाठी उरलेला दिवस वाकवावा: दिवेआगर ते श्रीवर्धन. भरडखोल, शेखाडी, आरावी अशी गावं घेत हा वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता बराचसा समुद्राला लागूनच जातो. भर दुपारी तो नुसता डोळे दिपवतो, अंधारात काहीच दिसत नाही. मे महिन्यात इथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे साडेचार ते साडेसहा हे दोन तास या रस्त्यासाठी राखून ठेवायचे.

आता मागे या. साडेचारला दिवेआगर सोडायचं, त्याआधी जेवण आणि दुपारची डुलकी, म्हणजे दिवेआगरला एक-दीडपर्यंत पोचायला हवं. दिघीहून तिथवर अर्धा-पाऊण तास. जंगलजेटीची, म्हणजे गाड्या खाडीपलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीची, वाट पाहणं, चढणं, उतरणं धरून तास-सव्वा तास. म्हणजे आगरदांड्याच्या धक्क्यावर साडेअकराच्या आत. मुरूडला अकरा, काशीदला सव्वादहा, रेवदंड्याला साडेनऊ, आणि मांडव्याला किंवा अलिबागला साडेआठच्या आसपास. या साखळीत पाऊण तासाचा उशीर झाला तर दुपारची डुलकी कमी करा, संध्याकाळचा रस्ता नको. उशीर त्याहून मोठा असेल तर दिवेआगरलाच मुक्काम करून तो टप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी करा. सकाळच्या उन्हात तो वेगळा दिसतो, वाईट नाही.

निघण्याआधीचे दोन दिवस

गाडीची कामं आदल्या रात्री काढू नका. मे महिन्यात गाडीला दोन गोष्टी छळतात, तापलेला रस्ता आणि सतत चालणारा एसी. म्हणून कूलंटची पातळी पाहा (इंजिन गार असतानाच झाकण उघडा), एसीची जाळी साफ करून घ्या आणि बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर गॅरेजवाल्याकडून तपासून घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. किती भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पाच माणसं आणि सामान असेल तर त्याच पट्टीवरचा भरलेल्या गाडीचा आकडा धरा. स्टेपनीतली हवाही बघा, ती कोणी बघत नाही.

ब्रेक मात्र चांगल्या माणसाकडून पाहून घ्या. या रस्त्याला मोठे घाट नाहीत, पण गावागावाला उतार आणि आंधळी वळणं आहेत, आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवायची सवय नसलेला चालक श्रीवर्धनपर्यंत ब्रेक तापवून ठेवतो.

टाकी मुंबईतच भरा. पुढे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन इथे पंप आहेत, त्यामुळे पेट्रोल-डिझेलची चिंता नाही. सीएनजीच्या भरवशावर मात्र हा दिवस आखू नका. रांग मिळाली तरी वेळ जातो. सुट्टे पैसे, शंभराच्या नोटा, पाकिटात ठेवा. डोंगराआड रेंज गेली की मोबाइलने पैसे भरायची सोयही जाते, आणि शहाळेवाल्या मावशींना पाचशेची नोट दाखवणं बरं नाही.

नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, आणि त्यात ‘फेरी टाळा’ हा पर्याय चालू नाही ना ते पाहा. तो चालू असला तर नकाशा तुम्हाला मुरूडहून खाडीला वळसा घालून तळा-म्हसळा फिरवून आणेल आणि अडीच-तीन तास खाईल. आणखी एक गोम आहे. या वाटेवर मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याचं आणि दुसरं पुढे हर्णैजवळचं. वेळासही दोन, एक दिवेआगरच्या शेजारी आणि दुसरं बाणकोटजवळचं, कासवांचं आणि नाना फडणवीसांचं. मुक्कामाची खोली राखताना तालुका विचारून घ्या. चुकीच्या मुरूडला आगाऊ रक्कम भरून बसलेली माणसं दर मे महिन्यात भेटतात.

भरती-ओहोटीचा हिशोब

हा भाग लोक टाळतात आणि मग धक्क्यावर खोळंबतात. फार ओहोटी असली की जंगलजेटीचा उतार तीव्र होतो, कधी फेरी लांबते. हरिहरेश्वरच्या देवळाची समुद्राकाठच्या खडकांवरून होणारी प्रदक्षिणा तर ओहोटीतच होते. तक्ते फोनवर मिळतात, पण घरातल्या भिंतीवर दिनदर्शिका असेल तर किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब पुरेसा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता भरती, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला. हा अंदाज आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला चालतो. दर दिवशी भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते हे यातूनच कळतं.

तारीख निवडायची मोकळीक असेल तर पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतर द्वितीया-तृतीयेला हरिहरेश्वरची सकाळ येईल असं बघा. तेव्हा भरती दीड ते सव्वादोनच्या दरम्यान आणि ओहोटी सकाळी साडेसात-आठला पडते. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही लांब हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही.

मे महिन्याचे शेवटचे दिवस मात्र टाळा. वळीव येऊन गेला की समुद्र खवळायला लागतो, जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या बंद होतात, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असल्याने ताटातला मासाही शीतपेटीतला असण्याची शक्यता वाढते.

मुंबईतून बाहेर: पाण्याने की पुलाने

माझं मत सरळ आहे, जाताना रो-रो. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी घेऊन जाता येते. साधारण तासाभरात पलीकडे पोचता, आणि रस्त्याने शंभर किलोमीटरहून जास्त होणारा फेरा वाचतो. तिकीट आगाऊ काढा, सुट्टीच्या सकाळी गाड्यांच्या जागा आधीच संपतात. अर्धा-पाऊण तास आधी धक्क्यावर या. गाडी आत घेताना हेडलाइट बंद, खलाशी दाखवेल तसं पुढे घ्यायचं, पहिल्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा. मग वर जा. डावीकडे जवाहर द्वीप आणि घारापुरी, मागे मुंबईची उंचच उंच रांग, आजूबाजूला नांगर टाकून उभी जहाजं. बोटीमागे उडणारे सीगल मात्र मे महिन्यात शोधू नका, ते हिवाळी पाहुणे. मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

फेरीची जागा मिळाली नाही तर अटल सेतू. शिवडीपासून २१.८ किलोमीटर, १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे. चिर्ल्याला उतरून पेण, वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड असं अलिबाग. या वाटेने निघाला तर पहाटे पाचला घर सोडा. वडखळ ते अलिबाग हा रस्ता दुपदरीच आहे आणि शनिवारी सकाळी आठनंतर तो चालण्यापेक्षा थांबतो जास्त. रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तो खरंच गोड असतो, पण घ्यायचा तो परतताना. आठ दिवस बंद गाडीत कांदा घेऊन फिरायचं नसतं.

अलिबाग ते मुरूड: सकाळचा पल्ला

अलिबागला चहा-नाश्ता करा आणि निघा. कुलाबा किल्ला, कान्होजी आंग्र्यांची समाधी, १९०४ मध्ये मुंबईतल्या विजेच्या ट्रामचा त्रास नको म्हणून कुलाब्याहून इथे हलवलेली चुंबकीय वेधशाळा, हे सगळं बघण्यासारखं आहे. पण मुंबईकराला अलिबाग कधीही जमतं, आज नको.

अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा अष्टागराचा पट्टा. दोन्ही अंगांनी नारळी-पोफळीच्या वाड्या, दगडी गडगे आणि मधून एक चिंचोळा रस्ता, ज्यावर समोरून एसटी आली की कोणीतरी मागे घ्यायचं असतं. ते कोणीतरी म्हणजे तुम्हीच, एसटी नव्हे. काचा खाली करा, एसी बंद. सकाळी नऊपर्यंत या वाड्यांतली हवा गार असते. रेवदंड्याच्या तटाजवळून जाऊन कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि तिथून उजवीकडे कोर्लईचा रस्ता.

कोर्लईला अर्धा तास द्या. आज थांबायची दोनच ठिकाणं निवडा असं कोणी म्हटलं तर मी कोर्लई आणि आरावी म्हणेन. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर पोर्तुगीजांचा किल्ला, त्याच्या पायथ्याशी दीपगृह, आणि त्या गावात अजूनही पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलणारी कुटुंबं आहेत. दीपगृहापर्यंत गाडी जाते, पण वाट कोळीवाड्यातून आहे. कडेला मासळी वाळत घातलेली असते, पोरं खेळत असतात. मोठी गाडी असेल तर ती गावाबाहेर लावून चालत जा. सकाळी सूर्य मागून असतो, त्यामुळे समुद्राचे चांगले फोटो इथेच मिळतात. दुपारनंतर सगळं चमचमाटात विरतं.

काशीदबद्दल फार लिहीत नाही. सुरूची बनं आणि वाळू छान, गर्दी भयंकर, आणि पाणी धोक्याचं: तळ अचानक खोल होतो आणि ओढ जबर आहे. इथे माणसं बुडालेली आहेत. पाय भिजवा आणि चला.

मग नांदगाव आणि नवाबाचा राजवाडा मागे टाकून मुरूड. इथे मोह होतो तो जंजिऱ्याचा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी, होडी भरेपर्यंतची वाट, किल्ल्यातला फेरफटका, परत येणं, असं सगळं मिळून दोन-अडीच तास जातात, तेही तापलेल्या दगडातून. तो किल्ला एका सकाळचा मानकरी आहे, प्रवासातल्या घाईच्या भेटीचा नाही. कलालबांगडी तोफ बघायचीच असेल तर मुरूडला मुक्काम करून सकाळी पहिल्या होडीने जा. आज राजपुरीच्या वरच्या रस्त्यावरून, जिथे गाडी नीट कडेला लावता येईल अशा जागी थांबून, तो पाण्यातला तट पाहा. दूर उत्तरेला पद्मदुर्गही दिसतो. पुढे खोकरीला सिद्दींचे दगडी घुमट रस्त्यालगतच आहेत, दहा मिनिटं पुरतात, आणि सावली मिळते ती वेगळीच.

जंगलजेटी

आगरदांड्याला पोचल्यावर आधी तिकीट खिडकी, मग रांग. माणसांनी उतरून पायी चढायचं, गाडीत फक्त चालक. फळीवर गाडी घेताना अर्ध्यावर थांबू नका. ओहोटी असेल तर फळीचा कोन वाढतो आणि तळाशी शेवाळ असतं. पहिला गिअर, हलका आणि एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर, क्लचशी खेळ नाही. गाडीचा पुढचा ओठ फार खाली असेल तर खलाशाला आधीच सांगा. ‘दादा, जरा तिरकी घ्या’ म्हणून तो वाट दाखवतो, आणि त्याचं ऐकावं, मागच्या सीटवरच्या काकांचं नव्हे. या माणसांनी दिवसाला जितक्या गाड्या चढवल्या असतील तितक्या आपण वर्षभरात उभ्या केल्या नसतील.

फेरीची वेळ आदल्या संध्याकाळी फोन करून विचारून घ्या. दुपारी फेऱ्या विरळ असू शकतात आणि शेवटच्या फेरीनंतर उरतो तो म्हसळ्याचा वळसा.

दिघीला उतरल्यावर दोन वाटा फुटतात. बोर्ली पंचतनचा रस्ता रुंद आहे पण त्यावर बंदराचे ट्रेलर धावतात. आडगाव-वेळासची वाट अरुंद, वळणावळणाची आणि समुद्राची. दुसरी घ्या.

दिवेआगरची दुपार

जेवणाची ऑर्डर सकाळीच फोनवर द्या. इथल्या घरगुती खानावळी आल्यागेल्याला वाढत नाहीत, माणसं मोजून रांधतात. किती जण शाकाहारी, किती जणांना मासा, मोदक हवेत का, एवढं सांगून ठेवलं की पोचल्यावर पाट मांडलेला असतो. जेवणाआधी गणपतीच्या देवळात जाऊन या. १९९७ मध्ये इथल्या एका वाडीत जमिनीत सापडलेला सोन्याचा मुखवटा २०१२ मध्ये चोरीला गेला, आणि परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला नवा मुखवटा २०२१ मध्ये बसवला गेला.

मग झोपा. एक ते चार गाडी चालवण्यात काही राम नाही. ऊन समोरच्या काचेतून येतं, पोट भरलेलं असतं, आणि अपघात याच वेळेला होतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली सुरूची आणि पोफळीची झाडं आडवी केली, त्यामुळे जुन्या आठवणीतली दाट सावली सगळीकडे मिळणार नाही. खानावळीच्या ओटीवर चटई मागा, देतात.

गाडी मात्र पुळणीवर नेऊ नका. घट्ट दिसणारी वाळू भरतीच्या रेषेजवळ पोकळ असते, चाक रुततं आणि पाणी कोणासाठी थांबत नाही. ट्रॅक्टर आणून ओढून काढायचे पैसे, खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान आणि गावकऱ्यांची बोलणी, तिन्ही तुमच्या खात्यावर.

साडेचारनंतर

हा रस्ता ताशी तीस किलोमीटरने चालवायचा. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणजे तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये समोरून येणारी वाहनं. देखावा चालकाच्या बाजूला असल्याने डोळे सारखे तिकडे जातात, आणि हाच या टप्प्याचा खरा धोका आहे. उपाय साधा: चालकाने पाहायचं ते थांबून. शेखाडीच्या आसपास आणि आरावीला कडेला थांबण्याजोग्या जागा आहेत. वळणावर, पुलावर किंवा एक चाक डांबरावर ठेवून थांबू नका. घरात दोघांना गाडी येत असेल तर मध्ये अदलाबदल करा, म्हणजे कोणावर अन्याय नाही. परतताना हीच वाट उत्तरेकडे केली तर समुद्र तुमच्या मार्गिकेला लागूनच डावीकडे येतो आणि तो देखावा मागच्या सीटवरच्यांचा.

ऊन सहापर्यंत उजव्या कानशिलावर येतं. टोपी, चष्मा आणि उजव्या हाताला सुती बाही. समोरची काच आतून-बाहेरून पुसून ठेवा. समुद्रावरची खारट हवा तिच्यावर पातळ थर धरते आणि तिरप्या उन्हात काही दिसत नाही.

भरडखोलला बंदरात होड्या लागलेल्या असतील. होड्या समुद्रातून परतलेल्या असल्या तर ताजी मासळी तिथेच मिळते, पण मुक्कामाची काकू रांधून देणार का हे आधी विचारा. रस्त्यात करवंदं, जांभळं, ताडगोळे विकायला बसलेल्या बाया भेटतील. ताडगोळे लगेच खा, गाडीत तासाभरात खराब होतात.

सूर्यास्ताला श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर थांबा. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं हे गाव, आणि इथली रोठा सुपारी नावाजलेली. त्यानंतर हरिहरेश्वर अर्ध्या-पाऊण तासावर आहे, पण तो अंधारातला पहिला आणि शेवटचा टप्पा असू द्या. साडेसातनंतर रस्त्यावर गुरं बसलेली असतात, आणि बिनदिव्याच्या दुचाक्या. अंधाराचं नकोच वाटलं तर श्रीवर्धनलाच राहा आणि पहाटे पुढे जा.

दुसऱ्या सकाळी

हरिहरेश्वरला आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर अशी दर्शनाची रीत. प्रदक्षिणेला उतरण्याआधी देवळाजवळ पाण्याची वेळ विचारा आणि लाटेकडे पाठ करून फोटो काढू नका. त्या खडकांवरून माणसं ओढली गेली आहेत. नाश्ता करून बागमांडल्याला जा, तिथून जंगलजेटीने सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैला मासळीचा लिलाव संध्याकाळी असतो, तेव्हा वेश्वीहून घाई करण्याचं कारण नाही. मुक्कामाला पोचलात की गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्या, चाकांच्या आतल्या बाजूसकट. बोटीवरचं आणि किनाऱ्यावरचं मीठ लोखंडाला लगेच लागतं, आणि सहलीचे अजून बरेच दिवस बाकी आहेत.